बायकोचं नाव कमी करायचंय

पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा तलासरीच्या हायवेवर आतासारखी हॉटेलांची रांग नव्हती. डहाणूहून एसटीने यायचं, फाट्यावर उतरायचं आणि गेटपर्यंत चालत जायचं. दवाखाना म्हणजे टाइम ऑफिसला लागून असलेली एक खोली. त्यात एक खाट, एक कपाट आणि सुया उकळायचं भांडं. डॉक्टर अधूनमधून यायचे, बाकी वेळ मीच असायचे. कुणाचं बोट कापलं, कुणाचा हात वाफेने भाजला, कुणाच्या डोळ्यात कागदाची धूळ गेली, की माणूस माझ्याकडे. त्यामुळे कारखान्यात मला नाव असं उरलंच नाही. सगळ्यांची मी सिस्टर. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी डहाणूच्या बाजारात भाजी घेताना मागून तीच हाक येते.

मागच्या वर्षी मेडिक्लेमचं जे झालं, त्यात मी ओढली गेले ती केवळ या हाकेमुळे. मी कधी युनियनमध्ये नव्हते, कुठल्या कमिटीत नव्हते. पण दुखण्याखुपण्याचं काही निघालं की लोकांना सिस्टर आठवते, मग ते दुखणं विम्याचं का असेना.

आमच्या कारखान्याचे जुने मालक मोठे कडक, पण त्यांनी एक गोष्ट चांगली करून ठेवली होती. निवृत्त झालेला कायम कामगार आणि त्याची बायको कंपनीच्याच मेडिक्लेम पॉलिसीत राहायचे. हप्त्याचा अर्धा भाग कंपनी भरायची, अर्धा आम्ही. माझ्या बाबतीत बायकोच्या जागी नवरा. माझ्या यजमानांची डहाणूजवळ चिकूची छोटी वाडी आहे. त्यांनी जन्मात कुणाची नोकरी केली नाही. कुणी विचारलं तर ते मजेत सांगतात, "मी बायकोच्या पॉलिसीत आहे." त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन त्याच पॉलिसीत झालं, तेव्हापासून या बोलण्यात थोडी अदबही आली.

मग जुने मालक गेले, मुलांनी कारखाना विकला. नवीन मालकांनी यंत्रं बदलली, रंग बदलला, गेटवरची पाटी बदलली. आमच्या पॉलिसीला मात्र काही वर्षं हात लावला नाही. आम्हाला वाटलं, हे असंच चालणार.

एका दुपारी मी वाडीत होते. तोडलेले चिकू धुऊन सावलीत पसरायचं काम चाललं होतं, तेवढ्यात फोन वाजत सुटला. कारखान्यातल्या निवृत्त लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी तिथे सुप्रभात आणि कुणाच्या नातवाचा वाढदिवस एवढंच असतं. त्या दिवशी कंपनीकडून आलेला संदेश कुणीतरी टाकला होता. पुढच्या नूतनीकरणापासून निवृत्त लोकांचा गट चालू कामगारांपासून वेगळा होणार. कंपनी आपला हिस्सा आहे तेवढाच ठेवणार, वाढलेलं सगळं आम्ही भरायचं. निवृत्तांच्या गटात क्लेम जास्त असल्यामुळे हप्ता जवळजवळ दुप्पट होणार. आणि पुढे दोन पर्याय दिले होते. एक, सगळ्यांना एकच दर. दुसरा, वयाप्रमाणे दर, म्हणजे साठीच्या आतबाहेरच्यांना कमी आणि सत्तरीच्या पुढच्यांना भरपूर. यातलं काय हवं ते आम्हीच बहुमताने ठरवून कळवायचं होतं.

यजमानांनी हात पुसून माझा फोन घेतला, चष्मा वर करून सगळं वाचलं आणि परत दिला.

"हुशार आहेत," ते म्हणाले. "भांडण तुमच्यातच लावून दिलं."

"तुम्हाला काय वाटतं, कुठला पर्याय बरा?"

"आपल्याला दुसरा स्वस्त पडेल. आपण अजून त्या कमी वाल्यांत आहोत." मग थोडं थांबून म्हणाले, "पण मला कशाला विचारतेस? मी तर फुकट्या."

संध्याकाळपासून मला फोन यायला लागले. बहुतेकांना हप्ता किती वाढणार हेच नीट समजून घ्यायचं होतं. पण त्यात एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला. पहिल्यांदा विचारलं ते गंजाडकडच्या एका मशीनवाल्याने. भातशेती करणारा, शांत माणूस. जरा अडखळत म्हणाला, "सिस्टर, एक विचारायचं होतं. बायकोचं नाव कमी करायचंय. ते होतं ना?"

मी विचारलं, "का? तिला काही होत नाही का?"

"तसं नाही. पण दोघांचं जमत नाही आता. एकाचं भरू."

"आणि तो एक म्हणजे तुम्हीच?"

तो हसला नाही. "पॉलिसी माझ्या नावावर आहे ना," म्हणाला.

नंतर अजून दोघांनी तेच विचारलं, मग आणखी एकाने. कुणी वाईट माणसं नव्हती ती. बायकोला पाण्याचा तांब्या देतील, दुखलं तर पायही चेपून देतील. पण खर्च कापायची वेळ आली तेव्हा प्रत्येकाचा हात त्याच नावावर गेला, आणि त्या बायकांना कुणी विचारलेलं नव्हतं. मला त्या रात्री जेवताना हे यजमानांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. माझ्या घरात पॉलिसी माझ्या नावावर होती आणि कमी करायचं नाव त्यांचं होतं. उगाच विषय कशाला काढा.

रविवारी डहाणूत एका शाळेच्या वर्गात मीटिंग ठरली. बाकं लहान मुलांची, त्यात साठी-सत्तरीची माणसं गुडघे वर करून बसली. बायका म्हटलं तर मी एकटीच, कारण निवृत्तांत बायका जवळजवळ नव्हत्याच आणि कामगारांच्या बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. पुढे उभे होते ते आमचे परचेसचे साहेब. खरेदी विभागातून निवृत्त झालेले, घरी गुजराती बोलणारे, बोलण्यात मुद्देसूद. ग्रुपचं कामही तेच बघायचे.

ते म्हणाले, "मी सरळ बोलतो, राग मानू नका. मी आजपर्यंत एक पण क्लेम घेतला नाही. माझ्यासारखे इथे पुष्कळ आहेत. दर एकच ठेवला तर आमच्या पैशांतून दुसऱ्यांचं हॉस्पिटल चालणार. ज्याचा धोका जास्त त्याने जास्त भरायचं. बाहेर कुठे पण हेच आहे. बरोबर ने?"

मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुम्ही एसीत बसून खरेदीच्या ऑर्डरी काढल्यात. बॉयलरवर उभं राहिला असतात म्हणजे धोका कळला असता."

त्यावरून आवाज चढले. कुणी म्हणालं, दारू पिणाऱ्यांचं आम्ही का भरायचं. कुणी म्हणालं, कंपनीला जाब विचारायचं सोडून आपसांत काय लागलंय. मग जे मनातल्या मनात होतं ते एकाने बोलून दाखवलं. गेल्या दोन-तीन वर्षांत मोठे क्लेम कुणाचे झाले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने नाव घेतलं नाही, पण वर्गातले सगळे एकाच बाकाकडे बघायला लागले.

त्या बाकावर बॉयलरचे दादा बसले होते. वाढवणचे, मच्छीमार घरातले. भाऊ बोटीवर गेले आणि हे कारखान्यात आले. मी नोकरीला लागले तेव्हा ते तरणेताठे होते. माझ्या दवाखान्यात भाजलेला हात घेऊन आलेला पहिला माणूस तेच, आणि मी घाबरलेय हे बघून "सिस्टर, सावकाश करा, मला घाई नाही" असं तेच मला म्हणाले होते. निवृत्तीनंतर त्यांची बायपास झाली. मग त्याच वर्षी छातीत पाणी झालं, तेव्हा परत हॉस्पिटल.

दादा उठून उभे राहिले. बाकातून बाहेर यायला त्यांना जरा वेळ लागला.

"मला कळतंय," ते म्हणाले. "माझ्यामुळे वाढलं असं कंपनीपण म्हणत असेल. तुम्ही भांडू नका. माझं नाव काढून टाका. मी माझं बघतो."

नको नको, असं कसं, असं कुणीतरी लगेच म्हणेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. परचेसच्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. दादा चपला घालून निघून गेले, आणि मग मीटिंग काही न ठरवताच मोडली. हात वर करून मत द्यायचं पुढच्या रविवारवर गेलं.

घरी येऊन मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चल, वाढवणला जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवरून गेलो. रस्त्यालगतच्या भिंतींवर बंदर नको म्हणून रंगवलेल्या घोषणा होत्या, काही जुन्या पुसट, काही ताज्या. दादांचं घर किनाऱ्याकडच्या आळीत. घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि वहिनी, म्हणजे दादांची बायको, खाली पसरलेल्या जवळ्यातून कचरा वेचत होती. डोळे अगदी जवळ नेऊन वेचत होती. मला आवाजावरून ओळखलं तिने.

"सिस्टर, तुम्ही? बसा, बसा. हे आत आहेत."

दादा बाहेर आले. चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. "दादा, काल जे बोललात ते रागात बोललात ना?"

"राग नाही, सिस्टर. खरंच काढा. माझं आता काय राहिलंय? शीर बदलून झाली. हिला मात्र ठेवा. हिच्या डोळ्यांचं करायचंय, साखरेचं आहे. हिच्या नावाचा हप्ता मी भरतो."

वहिनी हातातलं जवळ्याचं सूप तसंच धरून ऐकत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हणाले, "दादा, तसं होत नाही. पॉलिसी तुमच्या नोकरीमुळे आहे. तुम्ही बाहेर पडलात की वहिनी पण आपोआप बाहेर. तिचं एकटीचं नाव राहत नाही."

दादांनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. मी नियम विचारून घेतलाय."

"आणि मी उद्या मेलो तर?"

"तरी तेच. ते वर्ष संपेपर्यंत तिचं नाव राहील. मग नाही."

यजमानांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "माझं पण तसंच आहे, दादा. ही आहे तोवर मी आहे."

वहिनीने सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. दादांना म्हणाली, "तुम्ही नाव काढून आलात, आणि मला घरी येऊन सांगितलं नाहीत."

"तुला त्रास नको म्हणून."

"हॉस्पिटलात तुमच्या पायाशी बसले तेव्हा त्रास नव्हता होय? बोंबील विकून तुमचा अर्धा हप्ता कुणी भरला? पेन्शनीत भागलं असतं?" आवाज चढवला नाही तिने. ताज्या मासळीचा भाव सांगावा तशी बोलत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यांच्या मीटिंगला बायकांना का नाही बोलावत?"

मी तिला लोक मला फोनवर विचारत होते तो प्रश्न सांगितला, बायकोचं नाव कमी करायचंय म्हणून. कुणाकुणाचा ते सांगितलं नाही. ऐकून तिने सूप उचलून भिंतीला लावलं. मग म्हणाली, "कारखान्यात मला घेऊन चला. त्या लोकांशी मी बोलते."

दादा म्हणाले, "तू काय बोलणार तिथे?"

"जे विचारायचंय ते विचारीन," ती म्हणाली.

मी परचेसच्या साहेबांना फोन केला. मला वाटलं होतं ते टाळतील. पण त्यांनी लगेच एचआरकडून वेळ घेतली आणि म्हणाले, "माझ्या गाडीत जाऊ. बसने कशाला धक्के खाता." असे आम्ही चौघं निघालो, साहेब, दादा, वहिनी आणि मी.

घोलवडकडच्या वाड्या मागे पडल्या, तेव्हा साहेबच म्हणाले, "दादा, त्या दिवशी मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत."

"माहीत आहे, साहेब."

"माझी मुलगी आहे घरी, सिस्टर बेनला माहीत आहे." ते आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले. मला माहीत होतं. त्यांची मुलगी जन्मापासून अंथरुणावर आहे. चाळिशीची झाली असेल. "पंचविशी झाली आणि मुलगी म्हणून तिचं नाव पॉलिसीतून गेलं. नियम आहे म्हणे, मुलं मोठी झाली की कमावतात. ती कुठून कमावणार? तेव्हापासून तिचं सगळं मी खिशातून करतो. म्हणून मला वाटतं, माझा दर कमी राहिला तर तेवढंच तिला. मी चूक नाही बोललो. पण दादा उठून गेले ते मला बरं नाही वाटलं."

वहिनी मागून म्हणाली, "पोरीला काय होतं हो?" मग तलासरी येईपर्यंत ती दोघं तिच्या जेवणाबद्दल, कुशीवर वळवण्याबद्दल, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करतात याबद्दल बोलत राहिली. वहिनीने सासूला अशीच काही वर्षं सांभाळली होती.

कारखान्यात माझ्या दवाखान्याच्या जागी आता काचेचं रिसेप्शन आहे. एचआरची मॅडम तरुण होती, पुण्याकडची. आम्हाला पाणी दिलं, बसवलं, लॅपटॉपवर आकडे दाखवले. उद्धटपणा अजिबात नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की निवृत्तांचे क्लेम वेगळे काढले नाहीत तर चालू कामगारांचा हप्ता वाढतो, आणि कुठल्या गटाचा खर्च किती ते कंपनीला नीट दिसत नाही. वरून आलेला निर्णय आहे. कंपनीचा हिस्सा वाढवणं तिच्या हातात नाही.

साहेबांनी मुद्दे मांडले. कंपनीचा हिस्सा आहे तेवढाच गोठवला तर पाच-सात वर्षांनी तो नावापुरताच उरेल, हे त्यांनी तिला हिशोब करून दाखवलं. तिने ते लिहून घेतलं. दादांचं लक्ष खिडकीबाहेर होतं, जिथे जुन्या बॉयलरची चिमणी काढून टाकली होती.

मग वहिनी बोलली. "बाई, मला एक विचारायचंय. आमची नावं कापायची तर आमच्या सह्या लागतात का?"

मॅडमला आधी कळलं नाही. "कोणाची नावं?"

"आमची. बायकांची. हप्ता वाढला म्हणून नवरे आमची नावं काढतायत. घरी सांगत नाहीत. आजारी पडल्यावर कळणार, की आपण त्यात नाहीच."

मॅडमने लॅपटॉपवर नियम उघडून पाहिला. म्हणाली, "सध्या नाही. कर्मचाऱ्याची सही पुरते."

"माझं नाव माझ्या सहीशिवाय काढू नका. मला सही येते. न येणारीचा अंगठा घ्या. पण तिला समोर बसवून विचारा. आणि दुसरं, हे गेल्यावर मला का काढता? मी हप्ता भरायला तयार असले तरी?"

"आजी, पॉलिसी कर्मचाऱ्याशी जोडलेली असते."

"आम्ही पण त्याच्याशीच जोडलेल्या आहोत," वहिनी म्हणाली. "पहाटेच्या पाळीला डबा कोण देत होतं?"

मॅडम हसली नाही, याचं मला बरं वाटलं. ती म्हणाली, "सहीचं मी करू शकते. ते माझ्या हातात आहे. विधवांचं मी वर लिहिते. होईलच असं सांगत नाही."

मी विचारलं, "आणि मोठी झालेली पण अपंग असलेली मुलं?"

साहेबांनी माझ्याकडे चटकन पाहिलं. ते स्वतः हे विचारणार नव्हते, मला माहीत होतं. मॅडमने तेही लिहून घेतलं.

बाहेर पडलो तेव्हा पाळी सुटत होती. रद्दी निवडणाऱ्या बायका गेटमधून निघत होत्या, डोक्याला फडकी बांधलेल्या, केसांत कागदाची पांढरी धूळ. जवळपासच्या पाड्यांवरच्या, ठेकेदाराच्या. माझ्या वेळीही त्या अशाच होत्या. मी त्यांचे हात धुऊन पट्टी बांधायचे, पण त्यांची नोंद कुठल्या पॉलिसीत कधी नव्हती. त्यांतल्या एकीने मला ओळखलं. आता तिचे केस पिकले होते.

"सिस्टर, परत आल्या का कामावर?"

"नाही ग. मेडिक्लेमचं विचारायला आले होते."

"आमचं पण काय होतं का त्यात?"

मी नाही म्हणाले. तिने मान हलवली, जणू बस गेली का म्हणून विचारलं होतं, आणि पुढे गेली. वहिनी तिच्या पाठीकडे बघत राहिली आणि मग गाडीत बसली. मला ते अजून आठवतं. आम्ही अर्ध्या हिश्श्यासाठी भांडत होतो आणि तिच्याजवळ भांडायलाही काही नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याच शाळेत मीटिंग झाली. या वेळी वहिनीने आणि मी फोन करून करून बायकांना बोलावलं होतं. सगळ्या आल्या नाहीत, पण बाकं पुरली नाहीत इतक्या आल्या. गंजाडच्या मशीनवाल्याची बायकोही आली होती. ती त्याच्या शेजारी न बसता आमच्यात येऊन बसली. साहेबांनी दोन्ही पर्याय परत समजावून सांगितले, दोन्हीकडचं म्हणणं सांगितलं. स्वतःचं मतही लपवलं नाही. मग हात वर झाले. एकच दर, या बाजूने थोडे जास्त. फार नव्हे. मी हात वर केला तेव्हा यजमान मागच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी मान डोलावली. हप्ता आम्हाला जास्त पडणार होता.

साहेबांनी निकाल कंपनीला कळवला आणि स्वतः पॉलिसीतून बाहेर पडले. बाहेरची एक स्वस्त पॉलिसी त्यांना मिळाली. ग्रुपचं काम मात्र सोडलं नाही. कुणी कुजकं बोललं की म्हणतात, "माझा हिशोब वेगळा आहे. तुमचा पण बरोबर असेल." त्यांच्यासारखे अजून काही जण गेले. काहींना परवडेना म्हणून गेले, त्यात तो गंजाडचा मशीनवालाही होता. दोघांचीही नावं काढली त्यांनी. बायको मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मला विचारलं त्यांनी. मीच म्हटलं, राहू दे. सरकारी कार्ड आहे, त्यावर बघू." तिला विचारलं होतं एवढं खरं.

कंपनीकडून उत्तर यायला वेळ लागला. हिस्सा वाढला नाही. उलट, मोठ्या बिलातला काही भाग यापुढे आम्ही भरायचा असं आलं. विधवांना राहता येईल, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून. जोडीदाराचं नाव काढायचं असेल तर जोडीदाराची सही लागेल. अपंग मुलांबद्दल काही नव्हतं. मॅडमने मला फोन करून सांगितलं, की तिने लिहिलं होतं. तिच्या आवाजावरून मला ते खरं वाटलं. पुढे ती नोकरी सोडून गेल्याचं ऐकलं.

दादा पॉलिसीत राहिले. मीटिंगला आता येतात, शेवटच्या बाकावर बसतात, बोलत नाहीत. हप्त्याच्या वेळी वहिनी महिनाभर आधीपासून मासळी जास्त वाळत घालते, तलासरीच्या बाजारात स्वतः घेऊन जाते.

या वर्षी पावसाळ्याआधी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. साखर आटोक्यात आणायला मला तिच्या मागे लागावं लागलं. ती भाताचं ताट पुढे आलं की ऐकत नाही. बिलातला आपल्या वाट्याचा भाग त्यांनी भरला, बाकीचं पॉलिसीतून झालं. ऑपरेशननंतर ती घरी आली त्या पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. वहिनी काळा चष्मा लावून ओसरीवर बसली होती आणि दादा हातात थेंबांची बाटली घेऊन तिच्यासमोर उभे होते. आयुष्यभर बॉयलरचं दार उघडलेल्या त्या माणसाने बाटली माझ्यापुढे केली.

"मला जमत नाही, सिस्टर. डोळ्याला लागेल."

मी त्यांना शिकवलं. तिला वर बघायला सांगा, खालची पापणी बोटाने हलकी ओढा, बाटली टेकवू नका, एकच थेंब, मग डोळा मिटून राहू द्या. त्यांनी दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा थेंब बरोबर पडला.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. म्हणाली, "सगळं बरं आहे. निम्मे थेंब गालावर पडतात, पण हे वेळ चुकवत नाहीत."

मी म्हणाले, "मग दुसरी बाटली घेऊन ठेवा."